शेततळ्यावरचा कासरा

आष्ट्याजवळच्या आमच्या रानात शेततळं झालं, तेव्हा कडेला दोर बांधा म्हणून मी मालकांच्या मागंच लागले होते. मालक फौजेतून रिटायर झालेले, लहानपणापासून विहिरीत पोहलेले. ते हसले. "कासरा लावायला मी काय बैल हाय व्हय?"

एका दुपारी पाण्याच्या मोटारीच्या जाळीत पाला अडकला, म्हणून ते तळ्यात उतरले. पाला निघाला, पण वर येता येईना. उतारावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. दोन पावलं चढायचे की घसरून परत पाण्यात. पोहणं येऊन काय उपयोग? धरायलाच काही नव्हतं. दम लागला तशी त्यांनी मला हाक मारली आणि वर बजावलं, "तू उडी मारू नगंस!"

"मारती कशाला? मला कुठं पवायला येतंय!" असं ओरडत मी गोठ्यातून बैलाचा कासरा आणला, एक टोक कुंपणाच्या खांबाला आवळलं, काठावर पालथी पडले आणि दुसरं टोक त्यांच्याकडं फेकलं. ते धरून वर येईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

आता तळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत. आल्यागेल्याला मालक छाती काढून सांगतात, "मिलिटरीची पद्धत हाय ही." मी गप चहा देते. पाहुणे गेले आणि मोटार बघायला जायचं झालं, की हाच जवान चपला घालून दारात थांबतो.

"येतीस न्हवं?"