जड हात

नणंद असून वहिनीची बाजू घेते म्हणून आई मला टोमणे मारते. मारू दे!

वहिनी आणि मी एकाच लॅबमध्ये. मी खिडकीवर नावं लिहून घेते. ती आत रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून त्यांच्यातलं एक एन्झाइम किती काम करतंय ते मोजते. एकोणीस वर्षं झाली. प्लेटलेट्स भारी तिरसट. नळी जोरात हलवली की बिघडल्या, फ्रीजमध्ये ठेवली की बिघडल्या. वहिनी ती नळी झोपलेल्या तान्ह्या बाळासारखी उचलते.

दर सोमवारी पेशंटांच्या नळ्यांबरोबर एका धडधाकट माणसाची नळी लावायची आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या. हे रक्त लॅबच्या मोठ्या डॉक्टरांचं. तब्येतीचा काय तो तोरा! पण उन्हाळ्यापासून त्याच नळीचा आकडा घसरायला लागला.

"माझं रक्त ठणठणीत आहे, हात जड झालाय तुमचा," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "महिनाअखेर तुमच्या जागी दुसरं कोणीतरी बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी तिनं डबा उघडला. "माझंच काहीतरी चुकत असेल गं."

"डोंबल तुझं! तो मेला उन्हाळ्यापासून जनरेटरमागे उभा राहून सिगारेटी फुंकतो. रोज दिसतो मला खिडकीतून. आणि तुला अक्कल शिकवतोय!" मी आपला नुसता राग ओकला.

वहिनीनं पोळी खाली ठेवली. "सिगारेट? अगं बये, सिगारेटनंच ते एन्झाइम पडतं!"

पुढच्या सोमवारी तिनं स्वतःचं, माझं आणि वॉचमनकाकांचं रक्त डॉक्टरांच्या नळीशेजारी लावलं. आमच्या तिघांचे आकडे ठणठणीत. डॉक्टरांचा तळाला. आकड्यांच्या कागदासोबत तिनं डॉक्टरांनी रक्त देताना स्वतः भरलेला फॉर्म ठेवला. 'धूम्रपान : नाही.'

"साहेब, दिवसाला किती ओढता?"

डॉक्टरांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "बरं, यापुढे तुमचंच रक्त लावत जा."

बस्स! जागा वाचली, पण माफीचं नाव नाही. आता दर सोमवारी त्याच 'जड' हातात सुई टोचून घेते ती. मी म्हणते, एक थेंब देऊ नकोस मेल्याला.

"अगं," ती बाही वर करत म्हणते, "पेशंटांनी माझं काय घोडं मारलंय?"