शेवंतीची हरवलेली रात्र

विश्रांतवाडीतल्या त्या सोसायटीत कुंपणालगतचा वाफा तात्यारावांचा. सगळा पिवळ्या शेवंतीचा. बहर ओसरला की ते झाडं बुंध्याशी छाटत, मुळाशी फुटलेले मुनवे सोडवून पुन्हा लावत, श्रावणापर्यंत शेंडे खुडत. दिवाळीच्या मागेपुढे भिंत पिवळीधमक होई. मग पहाटे फिरायला निघालेली सभ्य माणसं पिशव्या घेऊन येत आणि देवासाठी चोरी करत. 'देवाला चोरीचा माल चालतो का, विचारून यावे' अशी पाटी तात्यारावांनी लावली, तर कुणीतरी पाटीच नेली.

यंदा मात्र वीजखात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने खात्याला शोभेलसा उपाय केला. वाफ्यावर रात्रभर जळणारा फ्लडलाइट! चोर थांबले.

कळ्याही आल्या नाहीत.

झाडं कमरेपर्यंत वाढली, गर्द झाली. एवढं बाळसं पाहून आनंद व्हायचा, तर तात्याराव रोज सकाळी शेंडे चाचपून कळी शोधत. वाफा मनात काही धरून बसल्यासारखा गप्प होता. दिवाळी गेली.

"तात्याराव, पालक केवढ्याला जुडी?" सेक्रेटरी हिंमतरावांनी विचारलं. त्यांना ती पट्टी पार्किंगला हवीच होती. "नोव्हेंबरअखेर फुलं दिसली तर वाफा तुमचा. नाहीतर पेव्हर ब्लॉक. मीटिंगमध्ये ठरलंय."

मग एका पहाटे, दिवा अजून जळत असताना, बायकोने, सुंदराबाईंनी हाक मारली. "अहो, हे बघा! एवढंच कसं फुललं?"

कुंपणाच्या खांबाआडचं एकच झाड पिवळं झालं होतं. तात्यारावांनी झाडाकडे पाहिलं, खांबाच्या सावलीकडे पाहिलं, मग दिव्याकडे. रात्र लांबल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही, आणि त्यांनी तिची रात्रच होऊ दिली नव्हती. जन्मभर घरोघर उजेड पोचवला. कुणाला अंधारही लागतो, हे ध्यानातच आलं नव्हतं.

दिवा त्याच दिवशी उतरवला. महिना संपता संपता शेंड्यांवर बारीक हिरवे मणी दिसू लागले. आणि फाटकाशी ब्लॉकचा ट्रक येऊन थांबला.

"हिंमतराव, कळ्या धरल्यात! थोडे दिवस द्या."

"फुलं म्हणालो होतो मी, मिरे नव्हे."

पहार मातीत घुसली.

"मुळं तोडू नका हो," तात्याराव मजुरांना म्हणाले.

सुंदराबाई गोण्या घेऊन खाली आल्या. "काढा, भरू यात. पण लावायची कुठे?"

तात्यारावांनी चहूकडे पाहिलं. सोसायटीत माती अशी तेवढीच होती.