न आलेली तक्रार

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याची मलाच शंका आहे, माफ करा. कोर्टात गेली ती आई. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं, इतकंच.

आई साकीनाक्याला प्लास्टिकच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं पाडणारं मशीन चालवायची. शेजारच्या तसल्याच मशीनवरचा पुरुष ‘ऑपरेटर’, आई ‘हेल्पर’. काम तेच, पगार वेगळा. सारख्या कामाला सारखा पगार, असा कायदा होता आणि तो पाळला जातो का हे बघायला एक सरकारी निरीक्षक होता. तो निवृत्त झाला आणि सरकारने त्याच्या जागी कुणालाच नेमलं नाही. तेव्हा आईने आणि तिच्या मैत्रिणींनी एका वकीलबाईंना धरून थेट सरकारविरुद्धच हायकोर्टात अर्ज केला. मागणी एकच, निरीक्षक द्या.

सरकारचं उत्तर इंग्रजीत आलं. जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत बायका जमल्या आणि मी ते मराठीत सांगू लागलो. आवाज उगाचच गंभीर झाला होता.

“सरकार म्हणतं, भेदभावाची एकही तक्रार आलेली नाही. त्यामुळे निरीक्षकाची गरज नाही.”

“तक्रार द्यायची कुणाकडे रे?” आईने विचारलं.

मी पान उलटलं. “निरीक्षकाकडे.”

“म्हणजे रिकाम्या खुर्चीकडे,” आईची मैत्रीण म्हणाली. “आम्हीच येड्या. खुर्चीला सांगून यायचं ना.”

“खुर्ची तरी असेल काय गं? ती पण रिटायर झाली असेल,” दुसरी म्हणाली.

मी चाचरत म्हणालो, “सरकारला तसं म्हणायचं नसेल.”

“कॉलेजात हेच शिकवतात काय तुला?” आई म्हणाली. “वाच पुढे.”

कोर्टालाही ते उत्तर पटलं नाही. निरीक्षक नेमा, असा हुकूम झाला आणि मी मित्रांना चहा पाजला. पुढे माझी परीक्षा आली. निरीक्षक कारखान्यात येऊन गेला, एवढं कानावर आलं होतं. पण आई रोज सकाळी डबा घेऊन निघत होती, म्हणून मी काही विचारलं नाही. शेवटचा पेपर झाल्यावर तिने आपणहून सांगितलं.

बाई मशीन चालवतात, मग हेल्पर कशा, असं निरीक्षकाने विचारलं होतं. मालकाने चूक तिथल्या तिथे मान्य केली आणि आईला ऑपरेटर केलं. फक्त ऑपरेटरची जागा रात्रपाळीतच रिकामी होती आणि बायकांना रात्रपाळीला ठेवायचं नाही, असाही कायदा होता. मालक कायदा मोडणाऱ्यांतला नव्हता. दोन्ही कायदे पाळले जात आहेत, असा शेरा निरीक्षकाने लिहिला आणि त्याच दिवशी आईची नोकरी गेली.