काचेतली कपाशी

सुनयनाला स्वस्थ बसता येत नाही. खुर्चीवर ती पाच मिनिटं टेकते, उठते, खिडकीशी जाते, आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याच्या रस्त्यावरच्या रिक्षा उगाच बघत राहते, परत येते, लिहिलेली ओळ खोडते आणि पुन्हा तीच ओळ लिहिते. खाली राहणारी घरमालकीण गयाबाई छताकडे बघून विचारते, "हे पोरगी काम करून राह्यली का फिरून राह्यली?" दोन्ही एकच आहे, हे गयाबाईला कोण समजावणार!

वय एकतीस. धंदा असा, की नाव सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो आणि पावसापाण्याचं बोलायला लागतो. इंटरॅक्टिव्ह डेव्हलपर, तीही फ्रीलान्स. म्हणजे नोकरी कुणाचीच नाही. आज या कंपनीचं काम, उद्या त्या कंपनीचं. काचेच्या पडद्याला बोट लावलं की आतली वस्तू हलते, उघडते, बोलते. ती हलवायचं काम सुनयनाचं. तलमडुगूकडच्या त्यांच्या गावी वडील चंपतराव चहाच्या टपरीवर तिचा धंदा तीन शब्दांत उरकतात, "पोरगी काच हालवते." इतकी नेमकी व्याख्या तिला हैदराबादच्या स्टुडिओतही कुणी केली नव्हती.

त्या स्टुडिओत तिनं चार वर्षं काढली. मॉलच्या फरशीवर माणसाच्या पावलामागे पळणारे मासे केले, दागिन्यांच्या दुकानात हात हलवला की फिरणारा हार केला. कोरोनात घरी आली आणि परत जायचं राहूनच गेलं. कारण विचाराल तर ती तोडून टाकल्यासारखं सांगते, "इथं डोकं चालते." खरं कारण असं, की आठवड्यातून एकदा आई, राहीबाई, गावाकडून वांगी-मेथीची पिशवी घेऊन येते, एक रात्र राहते, आणि त्या दिवशी सुनयनाची भिरभिर जरा कमी होते. हे ती कुणाला सांगायची नाही. मीही तुम्हाला सांगितलं नाही, असं समजा.

या धंद्यात दर महिन्याला नवं हत्यार येतं. जुनं हातात बसेबसेपर्यंत ते मोडीत निघतं. आता तर मशीनला सांगितलं की तेच कोड लिहून देतं. सुनयना तेही वापरते आणि वापरता वापरता चिडते. दोन मिनिटांत शंभर ओळी येतात, आणि वाईट म्हणजे त्या चालतातही. मग आपण कशाला? या प्रश्नानं तिच्या कित्येक सकाळी खाल्ल्या. शेवटी तिनं स्वतःपुरतं एक उत्तर शोधलं होतं. मशीनला बोट नाही. बोट टेकल्यावर पान किती चटकन उघडावं, किती उशीर झाला की माणूस बावरतो, कुठलं बटण दाबावंसं वाटतं, हे बोट असणाऱ्यालाच कळणार. बाकी सगळी रंगरंगोटी. स्क्रीनवर उगाच उड्या मारणारी अक्षरं दिसली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अरे, माणूस कामासाठी आला आहे, तमाशा बघायला नाही," असं ती भिंतीला सांगायची. भिंतीला तरी पटत असावं.

यंदाच्या कामापायी तिचा सगळा जीव टांगणीला लागला होता. आदिलाबादेत एका ट्रस्टनं शेतकऱ्यांसाठी माहिती केंद्र काढलं होतं. तिथे पलंगाएवढी काच बसवायची, तिच्यात कपाशीचं झाड. पानावर बोट ठेवलं की पानाचा रोग सांगायचा, बोंडावर ठेवलं की बोंडअळी दाखवायची, आणि सगळं मराठीत, तेलुगूत, गोंडीत बोलायचं. काम हैदराबादच्या एका कंपनीकडे होतं आणि कंपनीच्या चंदननं ते सुनयनाकडे दिलं होतं. इथली चाचणी पास झाली तर अशाच सहा ठिकाणच्या काचा तिच्याकडे येणार. म्हणजे दोन वर्षं मावल्यातून हलायला नको. नापास झाली तर बंगळुरूच्या एका कंपनीनं देऊ केलेली नोकरी. त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

झाड तिनं जीव ओतून केलं. गावच्या शेतात जाऊन पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडांचे, फोटो काढले, पान वाऱ्यानं कसं कलतं ते तासन् तास पाहिलं. हैदराबादेत पहिल्यांदा काच लावली तेव्हा मात्र फजिती झाली. पंख्याच्या वाऱ्यानं ओढणीचं टोक टेकलं, पान उघडलं. माशी बसली, बोंड उघडलं. वीज वरखाली झाली, तर अख्खं झाडच वेड्यासारखं उघडमीट करायला लागलं. चंदन तिच्यावर ओरडला. तेव्हा सुनयनानं एक चाळणी लिहिली: स्पर्श ठळक असेल तरच घ्यायचा, कमजोर असेल तर फेकून द्यायचा. फेकलेल्यांची यादी वेगळी राहावी म्हणून तिला एक नाव दिलं, 'कचरा'. त्यानंतर काच शहाण्यासारखी वागू लागली.

चाचणीच्या दिवशी तिनं आपल्याच गावातल्या आठ बायका बोलावल्या. कापूस वेचणाऱ्या, त्यांच्यात आई. काच बघून शेजारची रुख्मिणी ओरडलीच, "अगं माय, हे तं पऱ्हाटीच हाय!" बायका भोवती जमल्या. सुनयना टेबलामागे लॅपटॉपवर आकडे बघत होती, झाड अडखळत तर नाही ना, एवढंच तिच्या डोक्यात. मध्येच तिनं मान वर केली तेव्हा रुख्मिणीनं अंगठा केसांतून फिरवून तेल लावून घेतलं आणि मग काचेवर दाबला. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन घेत नाही, तेव्हा बायका असंच करतात. सुनयनाला हसू आलं. मग बायका मागे सरल्या, आणि कुणीतरी हैदराबादहून आलेल्या चंदनला म्हणालं, "तुमीच लावा साहेब, आमी पाह्यतो." चंदननं बोट लावलं. पान उघडलं, झाड बोललं, टाळ्या पडल्या. बायका लाजतात, असं सुनयनाला वाटलं. आपल्या गावच्या बायका आपल्याला पुरत्या कळतात, असा तिचा समज होता.

ट्रस्टचे अध्यक्ष पांडुरंगराव खुश होते. शेती सोडून जिनिंगचा कारखाना काढून त्यांना वीस वर्षं झाली होती, पण कापसाचा विषय निघाला की अजून पुढे सरसावून बसत. "मुआयना झाला, चाचणी मंजूर," ते म्हणाले. "तुमी तं कमाल केली, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरं तर तिनं पाय पसरून झोपायला हवं होतं. आई मुक्कामाला होती, स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. पण सुनयनाला चैन पडेल तर शपथ. तिनं काचेची नोंद उघडली. तीनशे बारा स्पर्श. त्यातले दोनशे चाळीस कचऱ्यात.

एवढ्या माश्या? तिनं एकेक ओळ बघायला सुरुवात केली. दहा बावन्नला मधल्या बोंडावर स्पर्श, फेकला. पुन्हा तिथेच, फेकला. पुन्हा तिथेच. अकरा वेळा एकाच जागी. माशी काही एकाच बोंडावर अकरा वेळा येऊन बसत नाही. तिनं मोबाइलमधला कार्यक्रमाचा व्हिडिओ काढला आणि दहा बावन्नपर्यंत सरकवला. हिरव्या लुगड्यातली तिची आई काचेवर वाकली होती. बोट ठेवत होती, उचलत होती, पदराला पुसत होती, पुन्हा ठेवत होती. मध्येच इकडेतिकडे बघत होती, कुणी बघत तर नाही ना म्हणून. अकराव्या वेळेनंतर ती हसली आणि बाजूला झाली.

सुनयनानं व्हिडिओ थांबवला. काचेला बोटाचा जोर कळत नाही, कातडीतली ओल कळते. बोंडाच्या टोकांनी वर्षानुवर्षं सोललेली, घट्टे पडलेली बोटं तिला जेमतेम कळतात. आणि जे जेमतेम कळतं ते फेकून द्या, असं सुनयनानंच लिहून ठेवलं होतं. घरात असं बोट येत असताना तिनं सहा महिने घरातल्या नमुन्याच्या छोट्या काचेवर स्वतःचंच मऊ बोट लावून पाहिलं. आई जवळ आली की "हात नको लावू, आई, मातीचे हायेत" म्हणायची. तिला स्वतःची इतकी शरम वाटली, की उठून येरझाऱ्याही घालता येईनात.

"आई, काल तू बोट लावलं तं उघडलं का?"

"चांगलं होतं ना झाड," राहीबाई मेथीतून मान वर न करता म्हणाली.

"उघडलं का, ते विचारून राह्यली मी."

"आमच्या बोटाले नाई घेत बाई अशा मशिनी. रेशनवाल्याची बी नाई घेत."

"मंग काल काऊन नाई सांगतलं?"

"एवढे लोकं होते. त्याईच्यासमोर तुह्या कामाले मी नाव ठेवू?"

सुनयनानं चंदनला फोन लावला. तो निवांत होता. "पब्लिक खुश, साब खुश, आप कायकू टेन्शन लेरे मॅडम? कोड आज लॉक करो." चाळणी सैल केली की पुन्हा भुतासारखी पानं उघडणार, काच बदलायची तर सहाही ठिकाणच्या काचा कधीच घेऊन झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात उद्घाटन. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. "वो लोगां हाथ नै लगाते, ऑपरेटर रहता ना!" तो म्हणाला. आणि फोन ठेवताना, "वो लिस्ट किसी को नक्को दिखाओ."

गप्प बसणं किती सोपं होतं! एकाही बाईनं तक्रार केली नव्हती, कुणी करणारही नव्हतं. दोन वर्षं मावला, ही खिडकी, आठवड्याची मेथी. सुनयनानं लॅपटॉप मिटला, उघडला, मिटला. खोलीत चार चकरा झाल्या. आपण जे फेकतो त्याला आवाज नसतो, म्हणूनच ते फेकायला सोपं जातं, असं तिच्या मनात आलं आणि ती भयंकर चिडली. चंदनवर नव्हे, स्वतःवर. "आई, चाल," ती म्हणाली. "केंद्रात जायचं हाय."

पांडुरंगरावांना तिनं यादी दाखवली. त्यांना त्यातलं काही पटेना. त्यांनी स्वतः काचेवर बोट ठेवलं. पान लगेच उघडलं. "माहं तं चालते," ते म्हणाले.

"आता आईले लावू द्या."

राहीबाई नको नको म्हणत होती. अध्यक्षांच्या देखत लेकीच्या कामाची परीक्षा तिला नको होती. सुनयनानं हट्टानं तिला पुढे केलं. तिनं बोट ठेवलं. काही नाही. पदराला पुसून ठेवलं. काही नाही. तिसऱ्या वेळी तिनं इतक्या जोरानं दाबलं की नखाखालची कातडी पांढरी झाली. झाड आपलं वाऱ्यावर हळूहळू डुलत राहिलं.

पांडुरंगरावांनी राहीबाईचं बोट पाहिलं, मग स्वतःचा पंजा उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी तिथूनच चंदनला फोन केला, "आमचा मुआयना रद्द. बायाईचं बोट घेईन तवा आणा." सुनयनाकडे वळून म्हणाले, "तुमी सांगतलं ते चांगलं केलं, बाई. पण उद्घाटन तोंडावर हाय, आता मी काय करू?" त्यांचंही खरं होतं.

केंद्राच्या पायऱ्या उतरेपर्यंत चंदनचा मेसेज आला. कंपनी यापुढचं काम दुसऱ्या डेव्हलपरकडून करून घेणार होती. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. सुनयनानं तो आईला वाचून दाखवला, कारण आईनं विचारलं. बंगळुरूचंही सांगितलं. सोमवारी होकार कळवावा लागेल, महिनाभरात जावं लागेल. चाळणी मात्र आपण तिकडे बसूनही सुधारू, कुणी मागो न मागो, असं ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. रडू नये म्हणून ती भरभर बोलत होती.

दोघी रिक्षात बसल्या. राहीबाईनं उजवा हात पदराखाली घेतला.

"माह्या बोटानं तुहं काम गेलं," ती म्हणाली.

"तुह्या बोटाचा काई दोष नाई, आई. मीच चुकली."

राहीबाई बाहेर बघत होती. थोड्या वेळानं सुनयनानं पुन्हा तेच सांगितलं. मावल्याचं वळण आलं तेव्हा तिसऱ्यांदा सांगितलं, आईचा खांदा हलवून, जवळजवळ भांडल्यासारखं.

"हो, बाई," राहीबाई म्हणाली. "नाई माह्या बोटाचा दोष."

घर येईपर्यंत तिनं हात पदराबाहेर काढला नाही.