कवटीतली दवंडी

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, तराजूच्या मागे, कागदाच्या लगद्याची एक कवटी ठेवलेली आहे. ती बोलते. आवाज माझ्या वडिलांचा आहे. बायको सोडली तर हे कोणाला ठाऊक नाही.

मी आदिलाबादला मावला भागातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवतो. चार वर्षांपूर्वी शाळेनं हॅलोविन करायचं ठरवलं. म्हणजे ऑक्टोबर संपताना पोरांनी भुतांचे कपडे घालून यायचं. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही काहीतरी हलणारं-बोलणारं करा." मला त्याचा आनंद झाला होता, हे लपवत नाही. पंधरा वर्षं फळ्यावर विजेची मंडलं काढणाऱ्याला काहीतरी चालतं-बोलतं करून दाखवायची संधी मिळाली होती.

फुग्यावर वर्तमानपत्राचा लगदा थापून कवटी केली. लगद्यात मेथीची पूड घातली, आई टोपली लिंपताना घालायची तशी. खालचा जबडा वेगळा केला आणि सायकलच्या आऱ्यावर टांगला. मागे छोटी मोटर. आवाज वाढला की जबडा उघडायचा, उतरला की मिटायचा. डोळ्यांत लाल दिवे. माझा आवाज भरून पाहिला, तर जबडा नुसता उघडबंद व्हायचा. सुपारी खाणारा माणूस दिसायचा.

वडील खाटेवर बसून हे बघत. ते बाजारहत्नूरकडच्या आमच्या गावात दवंडी देत असत. डफडं वाजवून आधी मराठीत, मग तेलुगूत, मग गोंडीत. त्यांचा आवाज नाल्यापलीकडच्या गुड्यापर्यंत, गोंडांच्या वस्तीपर्यंत जायचा, असं लोक सांगत. पुढे घशाचा कॅन्सर झाला. नागपूरला रेडिएशनचे शेक घेतले आणि आवाज फाटला. शब्द मध्येच तुटायचा, पुन्हा जुळायचा. परक्यांसमोर बोलायची त्यांना लाज वाटू लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जोर लावू नका.

तो तुटका आवाज जबड्याला बरोबर बसेल, हे माझ्या डोक्यात आलं.

"बा, तुमची एखादी दवंडी मोबाइलमध्ये भरून द्या," मी म्हणालो. "शाळेत लावायची आहे."

"माझी? शाळेत?"

"हो. पोरांसमोर."

"काऊन थट्टा करून राह्यला रे. हा फुटका पोंगा कोन आयकन?"

पण ते उठले. तोंड धुतलं, पांढरा सदरा घातला. त्यांच्या लहानपणी शाळेत आमच्या लोकांना दाराशी बसवत. दुसरीनंतर तेही सुटलं. कवटीचं मी सांगितलं नाही. ती समोरच टेबलावर होती, पण तिचा आणि आपल्या आवाजाचा संबंध त्यांच्या मनात कसा यावा?

त्यांनी वाघाची दवंडी निवडली. "ऐका हो ऐका. शिवारात वाघ आला हाये. कोनी एकट्यानं जाऊ नका. लेकराइले घरात ठेवा." एकदा खरोखर वाघ आला होता, तेव्हा तीन दिवस ते गावोगाव हे ओरडत फिरले होते. मराठी झाल्यावर तेलुगूत म्हणाले, गोंडीत म्हणाले. मी तीनदा म्हणायला लावलं. प्रत्येक भाषेतली संपली की विचारायचे, "बरं आलं का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. दात पडलेला जबडा कसा थरथरतो, शब्द तुटला की कुठे अडतो, ते बघत होतो. ते काय विचारतात ते ऐकत नव्हतो. तिसऱ्या वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली. बायको पाणी घेऊन धावली आणि म्हणाली, "आता बस करा. मामाजीचा जीव घेता का?"

मग मी काम केलं. मराठी तेवढी ठेवली. आवाज खाली ओढला, घुमवला. मोबाइल भरला म्हणून मूळ आवाज पुसून टाकला.

कार्यक्रम दुपारी होता. वडिलांना मी बोलावलं नव्हतं. ते माझ्या बायकोला घेऊन स्वतःच ऑटोनं आले, त्याच पांढऱ्या सदऱ्यात. मी पाहिलं तेव्हा ते वर्गाच्या दारात उभे होते. पडदे ओढलेले, डोळे पेटलेले, आणि कवटी बोलत होती. पोरं आधी किंचाळली, मग हसली. एकानं गळा दाबून त्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली, मग सगळ्यांनीच केली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी बटण बंद करू शकलो असतो. पोरं "अजून एकदा" म्हणाली आणि मी ते पुन्हा दाबलं.

 परत येताना ऑटोत ते म्हणाले, "वाघाच्या बातमीले कोनी हासत नसते रे."

"लहान पोरं आहेत, बा."

"पोरं नाही. तू बी हासला."

त्यानंतर ते जवळजवळ बोललेच नाहीत. काही हवं असलं की चमच्यानं स्टीलचा पेला वाजवायचे. दुखणं वाढलं होतं, बोलणं तसंही थांबलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य पुष्कळ दिवस जवळ बाळगलं. ज्वारी निघाली त्या सुमारास ते गेले.

पुण्यानुमोदनाला गावाकडची माणसं आली. वंदना झाल्यावर वडिलांच्या बरोबरीचे एक म्हातारे म्हणाले, "मास्तर, त्याची हाक कुठं भरून ठेवली असन तं आयकवा न. मोबाइलवाले हा तुमी."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "राहून गेलं."

कवटीतून काढून ऐकवता आलं असतं. पण ज्यांनी तो आवाज नाल्यापलीकडून ऐकला होता, त्यांना हा कसा ऐकवायचा? आणि कुठून आणला, हे काय सांगायचं?

शाळेत दरवर्षी ती कवटी निघते. मी मोडून टाकू शकत नाही. दुसरीकडे कुठेही तो आवाज नाही. यंदा दिवे तपासायला मी तिला एकटाच घेऊन बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. "लेकराइले घरात ठेवा" एवढं झालं की जबडा मिटतो आणि क्षणभरानं पुन्हा एकदा उघडतो. काही यंत्राची चूक असेल म्हणून कान लावला. कापताना माझा हात चुकला होता. शेवटी फक्त "बरं" एवढं राहून गेलं आहे, पुढचं तुटलं आहे.

बरं आलं होतं, बा. फार बरं आलं होतं. त्या दिवशी मी मान वर करून एवढं म्हणालो नाही.