आत्याच्या उंचीची शेगडी

शर्ट दुकानात शिवून व्हायचा, पण आत्याच्या मांडीवर आल्याशिवाय पुरा होत नसे. ती काजं करायची. पाय लहानपणीच गेले, पण बोटं अशी चालायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

"आत्या, तुमचं काज बघून मशीन लाजेल," टेलर म्हणायचा.

"मग मशीनपेक्षा जास्त दे की!"

टेलर लगेच हरवलेली मोजपट्टी शोधायला लागायचा.

काजांचे पैसे घरखर्चात जात. पण अपंग भत्ता यायचा, तो 'आत्याचा'. रक्कम फुटकळ, तरी त्याचा हिशेब कोणी मागत नसे. खुर्चीच्या चाकांचे टायर, रंगीत रिळं, भाचीला गुपचूप घेऊन दिलेल्या बांगड्या, सगळं त्यातून. मागावं न लागता खर्च करायचे तेवढेच पैसे तिच्याजवळ होते.

भाचीला नोकरी लागली आणि आत्याने आनंदाने शिट्टी वाजवली. आठवडाभरात कचेरीतून बोलावणं आलं.

"एकाच स्वयंपाकघरात जेवता ना सगळे?" कारकुनाने विचारलं. "मग सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरायचं. मुलगी कमवायला लागली, तुम्ही मर्यादेच्या वर गेलात."

"मी कुठे वर गेले? मी तर इथेच बसलेय."

कारकुनाला हसू आलं, पण नियम हसत नसतो. "वेगळं रांधत असाल, तर वेगळं कुटुंब. पुढच्या महिन्यात तपासणीला बाई येतील, त्यांना दाखवा."

घरी येताच दादाने तोड काढली. "तुझ्या खोलीत शेगडी मांडू. बाई बघून गेल्या की उचलू. हाय काय अन् नाय काय!"

वहिनी भडकली. "म्हणजे जगाला सांगायचं, वन्सं माझ्या हातचं खात नाहीत? इतकी वर्षं मी काय माती खायला घातली?"

"अगं, नाटक आहे ते."

"नाटकातसुद्धा खाष्ट मीच ना?"

दादाने शिलाई मशीनचं जुनं टेबल ओढलं आणि त्यावर शेगडी ठेवली. दुसरं टेबलच नव्हतं, म्हणून. पण आत्या खुर्ची पुढे घेऊन आली, तर शेगडी नेमकी तिच्या हाताशी. स्वयंपाकघरातला ओटा तिच्या हनुवटीशी यायचा. उकळतं भांडं तिने कधी वरून पाहिलंच नव्हतं. तिने पाणी ठेवलं आणि वाकून बघत बसली. तळाशी बुडबुडे धरले, सुटले, मग सगळं पाणीच हलायला लागलं.

पहिला चहा उतू गेला. दुसऱ्या दिवशी भात करपला. वास येताच वहिनी दारात हजर.

"आच कमी करा, वन्सं! पातेलं जाळताय की घर?"

"तू जा गं. तुझा प्रवेश नाही इथे."

महिनाभरात सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण आत्या स्वतःचं स्वतः करायला लागली. रात्री मात्र सगळ्यांबरोबर. भाचीच्या ऑफिसातल्या गमती कोण सोडणार!

तपासणीच्या सकाळी वहिनीने कंबर कसली. राग विसरून तिने आपल्याकडचे डबे आणले, घासले आणि आत्याच्या खोलीतल्या फळीवर ओळीने मांडले. खोटं दिसायला नको!

तपासणीच्या बाई आल्या. शेगडी पाहिली, भांडी पाहिली, मग वर पाहिलं.

"हे डबे तुम्ही काढता कसे?"

फळी वहिनीच्या हाताच्या उंचीवर होती. वहिनीने जीभ चावली.

"डबे तिचे आहेत," आत्या म्हणाली. "शेगडी माझी. डाळ-तांदूळ इथे खाली, पिशवीत."

बाईंनी पिशवी उघडून पाहिली. "दोन्ही वेळा इथेच जेवता?"

दादाने आत्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. एक 'हो' म्हणायचं, बस्स. आत्याने दाराशी उभ्या वहिनीकडे पाहिलं. ती पदराचं टोक पिळत होती.

"दुपारी इथे. रात्री त्यांच्यात."

"मग कुटुंब एकच. भत्ता बंद होईल."

"होऊ दे. पण एक सांगा. भाचीचा पगार तुम्ही माझ्यात धरलात. त्यातले चार पैसे न मागता घ्यायचा हक्क मला आहे का?"

बाईंनी पेन थांबवलं. "तसा नियम नाही."

"धरायचा आहे, द्यायचा नाही?"

बाईंनी पेन पुन्हा चालवलं. लिहिताना वर मात्र पाहिलं नाही.

त्या गेल्यावर दादा धुमसत होता. "एका शब्दाने गेलं सगळं!" तो शेगडी उचलायला वाकला.

"हात लावू नकोस, दादा."

संध्याकाळी तिने टेलरला बोलावून घेतलं आणि काजाचा भाव वाढवून सांगितला. वर हेही, की वाढीव पैसे घरात द्यायचे नाहीत, तिच्या हातात द्यायचे. टेलरने मोजपट्टी शोधली, कपाळ चोळलं, शेवटी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने हाक मारली, "वहिनी, चहाला ये."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. हातांना काम नव्हतं, म्हणून ते मांडीवर अवघडून पडले होते. तिने एक घोट घेतला.

"साखर कमी आहे, वन्सं."

"माझ्याकडे अशीच मिळते," आत्या म्हणाली आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.