वाटणीतली गांडुळं

वडनेरला १९७८ च्या श्रावणात दोन भावांची वाटणी झाली. पंच म्हणून मी हजर होतो. धाकटा माझ्या धुऱ्यापलीकडचा, बांधाला बांध लागलेला शेजारी. चप्पल काढून ओल्या मातीत अंगठा रुतवल्याशिवाय त्याला बोलणं सुचत नाही, आणि बोलतो ते सगळ्या शिवाराला ऐकू जातं. वाटणी खरं तर पाडव्यालाच व्हायची. "पान्यात वावर पाह्यल्याशिवाय मी घेत नाई," म्हणून यानंच ती अडवली.

थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी निवडायचं, ही आमच्याकडची रीत. एक वाटा सडकेजवळचा, सपाट; तिथं वर्षानुवर्षं भाड्याचा ट्रॅक्टर फिरलेला, कीड मारायची पावडर मारलेली. दुसरा नाल्याकाठचा, उताराचा; तिथं ट्रॅक्टर उतरत नसे, म्हणून बैलाचा नांगर आणि शेणखत एवढंच. यानं दोन्हीकडची माती फावड्यानं उलथली. सडकेजवळ काहीच हललं नाही. नाल्याकाठी ढेकळाढेकळांत गांडुळं वळवळत होती. यानं नाल्याकाठचा वाटा घेतला.

थोरला हसला, "गांडुळं विकशील का बे बाजारात?"

"हासून घे, दादा."

मलाही तो घाट्याचा सौदा वाटला होता. पुढच्या वर्षी भादव्यात पावसानं दडी मारली. सडकेजवळच्या कपाशीच्या पऱ्हाटीनं माना टाकल्या. नाल्याकाठची हिरवीगार उभी होती; नाला आटला होता, पण गांडुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीत ओल टिकून होती. एका सकाळी थोरला स्वतः चालत तिथं आला.

"पावडर बंद करू का रे?"

धाकट्याला त्यानं जन्मात पहिल्यांदाच काही विचारलं असेल. हा कमरेवर हात ठेवून ऐसपैस हसला.

"मले काऊन इचारतं, दादा? वावरात जे राह्यते, त्यायले इचार!"